मांडीवर मावेल एवढं

खुजं झाड घरात ठेवलं की घरातलं लेकरू वाढत नाही, असं माझ्यासमोर पुन्हा कुणी म्हणालं, तर मी त्याला हाताला धरून दाराबाहेर काढीन. पाहुणा असो, नात्यातला असो, मला फरक पडत नाही. या एका वाक्यानं माझ्या भावाच्या घराचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा भाऊ हयवदन, माझ्याहून बराच धाकटा. आम्ही बेंगळूरची जुनी मराठी माणसं. शहाजीराजांच्या मागून आलो असं आजोबा सांगायचे, खरंखोटं तेच जाणोत. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. हयवदन विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. सकाळी सायकलवर टांग मारायची, दिवसभर बारीक रेघा ओढायच्या आणि संध्याकाळी बसवनगुडीत परत. त्याचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. बायको प्रेमा, सांगलीकडची. सगळं बेंगळूर मला अहल्याक्का म्हणतं, पण ही पहिल्या दिवसापासून ‘वन्सं’ म्हणायची. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून.

झाडांचा नाद हयवदनाला लागला तो लिलावातून. दंडूत, म्हणजे साहेबलोकांच्या वस्तीत, एक गोरी बाई बंगला विकून विलायतेला निघाली होती. लोकांनी तिथून कपाटं आणली, गालिचे आणले. आमच्या शहाण्यानं सायकलच्या कॅरियरला बांधून दोन कुंड्या आणल्या. त्यात कसली झाडं, तर भिजवलेल्या वालासारखी गुबगुबीत पानं आणि बोटाएवढं खोड.

“याचा काय उपयोग? भाजी होते का?” मी विचारलं.

“अक्का, याचं म्हातारं झाड करायचं. वडाएवढं म्हातारं आणि वितीएवढं उंच.”

जपानी लोक ताटलीत झाडं वाढवतात, त्याला बोन्साय म्हणतात, हे त्यानं कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं. पण ती झाडं रोज पाणी मागतात, आणि हा दिवसभर कारखान्यात. ही जाड पानांची झाडं पाण्याची बेगमी पानातच करून ठेवतात, म्हणून हीच बरी, असा त्याचा हिशेब. तरी पहिली कितीतरी झाडं त्यानं मारलीच. कशानं? पाणी घालून घालून. मुळं कुजायची, खोड लोण्यासारखं मऊ व्हायचं आणि एका सकाळी झाड आडवं. मग शिकला. विटकरीचा चुरा, जाडी वाळू, चिमूटभर खत, आणि पानांना सुरकुती पडल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही.

“यांना माया पाण्यानं दाखवायची नाही, अक्का. स्वल्प विसरून दाखवायची,” म्हणायचा.

कोवळ्या फांदीला तांब्याची तार गुंडाळायची, हळूच वाकवायची, आणि तार मांसात रुतायच्या आत काढून घ्यायची. शेंडा वाढला की नखानं खुडायचा. खुडलेल्या जागी दोन फुटतात. चार-पाच वर्षांत खोड असं जाड आणि खडबडीत व्हायचं, की ओट्यावर आठ-दहा बुटके म्हातारे बसलेत असं वाटावं. झाडं छळायचा धंदा, असं मी त्याला चिडवायची. तो नुसता हसायचा. हसला की अगदी आमच्या आईसारखा दिसायचा.

वीणा त्याची एकुलती एक. पाच वर्षांची असताना चेंडू खेळताना तिच्या हातून एका झाडाची फांदी मोडली. अय्यो, काय रडली! हयवदन म्हणाला, “रडतेस काय? हे आता तुझं झाड.” फांदी कागदावर ठेवून कोनाड्यात सुकवली. मोडलेली जागा वाळल्याशिवाय ती मातीत खोचायची नसते, नाहीतर तिथूनच कुजते. वीणा रोज उठून कोनाड्याशी जायची आणि बापाला विचारायची, “अण्णा, हिची खपली धरली?”

खपली धरली. मग कुंडीसाठी भोकाड. कार्तिकात बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, तिथून तिनं मातीची भातुकली आणली होती. त्यातली परात पुढे केली. हयवदनानं परातीला खालून भोक पाडलं आणि फांदी लावून दिली. ती धरली.

“अण्णा, हे किती मोठं होणार?”

“जमिनीत मोकळं सोडलं तर तुझ्याहून उंच होईल. परातीत ठेवलं, खुडत राहिलं, तर आपण म्हणू तेवढंच.”

पोरीनं गालावर बोट ठेवून विचार केला. “मग एवढंच ठेव. माझ्या मांडीवर मावेल एवढं. सासरी जाताना मी गाडीत मांडीवर घेऊन जाईन.”

आम्ही पोट धरधरून हसलो. प्रेमा तर डोळे पुसत म्हणाली, “वन्सं, ऐकलंत? दुधाचे दात पडले नाहीत, आणि हिला सासर!”

त्या दिवसापासून बाप-लेकीचा तो खेळच झाला. वाढदिवसाला वीणाला मांडी घालून बसवायचं, परात मांडीवर ठेवायची. झाड तेवढंच, वीणा मोठी. हयवदन म्हणायचा, “सरी, बरोबर! एवढंच ठेवायचं.”

बासष्ट सालच्या थंडीत वीणाला घटसर्प झाला. आधी घसा दुखतो म्हणाली, प्रेमानं हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. कुणाला काय माहीत? दवाखान्यात नेलं तोवर घशात पांढरा पडदा धरला होता. पुढचं मला सांगवत नाही, पण सांगते, कारण त्याशिवाय प्रेमा पुढे जे वागली ते तुम्हांला कळायचं नाही. पोरीला तहान लागायची. सारखी पाणी मागायची. प्रेमा चमच्यानं घालायची आणि ते पाणी नाकातून परत यायचं. घशाखाली थेंब जाईना. पोर आईकडे बघायची आणि म्हणायची, “आई, आता जाईल. घाल.” प्रेमा पुन्हा घालायची. पुन्हा परत.

त्याच आठवड्यात गेली. आठ वर्षांची होती.

सुतकात आमच्याकडे तुळशीला घरच्यांनी हात लावायचा नसतो. शेजारणीला सांगायचं असतं पाणी घालायला, पण ते कुणाला सुचणार? वृंदावनातली तुळस वाळून काड्या झाली. ओट्यावरची ती बुटकी झाडं मात्र पाण्यावाचून तशीच टवटवीत बसली होती. आणि तीच नेमकी प्रेमाच्या मावशीच्या नजरेत भरली.

मावशीबाई सांगलीहून समाचाराला आल्या होत्या. ओट्यावर उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “अगं बाई, ही खुजी झाडं घरात? प्रेमे, ज्या घरात झाड वाढू देत नाहीत, त्या घरात लेकरू कसं वाढेल?”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, “मावशी, माझ्या नणंदेचा मुलगा गेला तेव्हा तिच्या दारात नारळाचे माड होते, आभाळाला टेकलेले. त्याचं काय करायचं?” मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोलायचं ते बोलून झालं होतं.

प्रेमा उठली. इतके दिवस ती ना रडली होती, ना बोलली होती. ती हयवदनासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तुम्हीच म्हणत होता ना, एवढंच ठेवायचं? ठेवलंत ना एवढंच?”

हयवदनानं मान खाली घातली. अरे, बोल काहीतरी! ते झाडाबद्दल होतं म्हण, पोरीनंच मागितलं होतं म्हण! दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी झाडं हातगाडीवर घालून लालबागेतल्या एका ओळखीच्या माळ्याला देऊन टाकली. सगळी म्हणजे एक सोडून. परातीतलं झाड टॉवेलखाली झाकून माझ्याकडे घेऊन आला.

“अक्का, ठेव. पाणी घालू नकोस.”

मी ते मागच्या खिडकीत ठेवलं. दर रविवारी तो यायचा, झाडासमोर स्टूल ओढून बसायचा, कॉफी प्यायचा आणि जायचा. शेंडे वाढले होते, पण नख लावत नव्हता. घरी नवराबायकोचं बोलणं संपलं होतं. ती ताट वाढायची, तो जेवायचा. एवढ्याशा घरात दोघं एकमेकांना चुकवत फिरायची.

चैत्रात एक दिवस प्रेमा विरजण मागायला आली. नेहमी पुढच्या दारी उभी राहायची, त्या दिवशी सरळ मागे आली. खिडकीत परात दिसली आणि तिथंच थांबली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “त्यानं ठेवलंय. टाकवलं नाही त्याच्यानं. काय बोलायचं ते मला बोल, त्याला बोलू नकोस.”

ती खाली बसली आणि एकेका पानावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “वन्सं, किती आवळून ठेवलंय हो हिला.”

हिला म्हणाली ती. झाडाला. परात कडेवर घेऊन, वरून पदर घालून ती घरी गेली. विरजणाची वाटी माझ्याकडेच राहिली.

संध्याकाळी हयवदन कारखान्यातून आला तो घरी टेकलाच नाही, सायकल टाकून माझ्या दारात.

“अक्का, तिनं ते तुळशीच्या वृंदावनात लावलं. शेणखत घातलं. वर तांब्याभर पाणी. मरेल ते.”

“मग सांग तिला.”

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, तिला पाणी प्यायचं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून निघाले. म्हटलं, या वेडाला कुणीतरी आवर घातला पाहिजे, आणि ते काम माझ्या भावाच्यानं व्हायचं नाही. तुळशीच्या जागी भलतं झाड लावतात का कुठे, असं सगळं जिभेवर तयार होतं. प्रेमा न्हाऊन, ओल्या केसांनी वृंदावनापाशी उभी होती. तांब्यातून बारीक धार धरली होती. मला पाहून हसली. वीणा गेल्यापासून पहिल्यांदा.

“वन्सं, बघा. आता जातंय पाणी. सगळं खाली जातंय.”

मी, जी कुणाला उलट बोलल्याशिवाय राहत नाही, ती गप्प घरी आले. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे.

उन्हाळाभर झाडानं सगळ्यांना फसवलं. ऊन कडक, माती लगेच सुकायची, आणि आजवर परातीत कोंडलेली मुळं मोकळी सुटली. झाड तरारून वाढलं. गुबगुबीत नवी पानं, वर हात केल्यासारख्या फांद्या. प्रेमा नीट जेवायला लागली. एक दिवस ताट वाढता वाढता हयवदनाला म्हणाली, “वाढतेय की नाही, बघा.” तो म्हणाला, “वाढतेय.” तिथून बोलणं सुरू झालं. आज भाजी काय आणू, सायकल का कुरकुरते, एवढंच; पण सुरू झालं. दोघं संध्याकाळी वृंदावनापाशी बसायची. हे टिकायचं नाही, हे हयवदन मनातून जाणून होता, पण मला वाटतं, त्यालाही आशा लागली होती.

एकदा प्रेमा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “या कार्तिकात लग्न लावणार आहे तिचं. तुळशीचं लावतात तसं. हिरव्या बांगड्या आणल्यात, बाहुलीच्या मापाच्या.”

मी म्हटलं, “लाव हो.” दुसरं काय म्हणायचं होतं तुम्हीच सांगा.

मग भाद्रपदातले पाऊस आले. आमच्याकडे तेव्हा रोज संध्याकाळी कोसळतो आणि सकाळी काही झालंच नाही असं दाखवतो. वृंदावनातली माती चिखल झाली. त्यात प्रेमाचा सकाळचा तांब्या चुकायचा नाही. आश्विनात पानं पिवळी पडायला लागली. बोट लागलं की टपकन गळायची. रविवारी हयवदनानं खोड बुंध्याशी दाबून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. आत जाऊन त्यानं चाकू उकळत्या पाण्यात धुऊन आणला.

“प्रेमा, खाली कुजलंय. वरचं अजून घट्ट आहे. आत्ता फांदी कापून कोरडी केली तर पुन्हा लावता येईल. वीणाला लावून दिली होती ना, तशीच.”

प्रेमा वृंदावनासमोर आडवी उभी राहिली. “पुन्हा कापायचं? खुडून खुडून पोट भरलं नाही तुमचं?”

“वाचेल ती.”

“चाकू लावलात तर मी याच पायरीवर डोकं आपटून घेईन.”

मी तिथंच होते. ओरडले, “हयवदना, काप! मी धरते हिला!”

तिला बाजूला सारणं कठीण नव्हतं. एका हातानं सरकली असती, काडीसारखी झाली होती. पण त्यानं चाकू पायरीवर ठेवला.

“नको, अक्का. तिच्या डोळ्यांदेखत नको.”

“झाड गेलं म्हणजे?”

“झाड गेलं तर झाड जाईल,” तो म्हणाला आणि आत जाऊन बसला. मी इतकी चिडले की दिवाळीचा फराळसुद्धा त्यांच्याकडे दुसऱ्याच्या हाती पाठवला. आता कळतं, पोर गेली होती, बायकोलाही त्याला घालवायचं नव्हतं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी गल्लीत सगळ्यांच्या वृंदावनात ऊस आणि आवळ्याची डहाळी खोचलेली. मी माझ्या तुळशीला रांगोळी घालत होते तोच प्रेमा आली. पायात चप्पल नाही.

“वन्सं, चला. ती आडवी व्हायला लागलीय. ह्यांना सांगितलंय मी, कापा म्हणून. मला एकटीला धरवणार नाही.”

झाड एका अंगाला कललं होतं. पानं होती तेवढी शेंड्याकडे. हयवदन पायरीवर बसला होता, चाकू धुऊन समोर ठेवलेला. प्रेमानं फांदी दोन्ही हातांत धरली.

“हिरवं लागलं की थांबायचं,” तो तिला म्हणाला. “कापल्यावर आत स्वच्छ हिरवं दिसलं पाहिजे. मधोमध तपकिरी ठिपका असला तर कूज तिथवर पोचलीय.”

पहिला काप बुंध्याच्या वर. आत सगळंच तपकिरी. दुसरा थोडा वर. कडेनं हिरवी कड होती, मधे तपकिरी. प्रेमा वाकून बघत होती.

“अजून वर,” तीच म्हणाली.

तिसऱ्याला ठिपका लहान झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत असं काही आलं की मी मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलले. चौथ्याला आणखी लहान. मागच्या घरात मंगलाष्टकं सुरू झाली होती, पोरं अक्षता उधळत होती.

“अजून वर. कापा हो, कापा.”

शेवटी तिच्या बोटांत शेंडा राहिला, चार पानांचा. काडीइतक्या जाडीचा तो तुकडा त्यानं कापला आणि उजेडाकडे धरला. मोहरीएवढा ठिपका होता मधे.

प्रेमानं विचारलं, “खपली धरेल का हो हिची?”

हयवदनानं नाही म्हणून मान हलवली. आणि मग तो माणूस, जो पोरीला नेताना रडला नाही, मावशी बोलल्या तेव्हा रडला नाही, तो पायरीवर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागला. “दिवाळीच्या आधी कापायला हवं होतं, प्रेमा. तुला सारून कापायला हवं होतं. मी नाही कापलं.” पलीकडून ‘शुभमंगल सावधान’ ऐकू येत होतं.

मला वाटलं, आता ही कोसळते. पण प्रेमा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. अंगणात पडलेले तुकडे तिनं एकेक करून वेचले, बुंधा, फांद्या, गळलेली पानं, तो चार पानांचा शेंडा. सगळं पदरात घेतलं, पदर मांडीवर पसरला आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

“अहो, इकडे बघा,” ती म्हणाली. “मांडीवर मावली.”